दुसऱ्या प्रेमाचे हसू

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेला, अजिंठा गावात, पारोचे थडगे आहे. त्यावर २३ मे १८५६ ही तारीख कोरलेली आहे. रांगेच्या उत्तरेला भुसावळच्या जुन्या युरोपीय दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल पुरला गेला, ते साल १८७९. नकाशावर ही दोन थडगी जोडणारी रेघ ओढली तर ती जवळजवळ जामनेरवरूनच जाते. लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घेणारी वाघूरही जामनेर तालुक्यातूनच उत्तरेकडे तापीला जाते. हा केवळ भूगोलाचा योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु मराठी रसिकाला या कथेतील दक्षिणेचे थडगे जितके परिचित आहे तितके उत्तरेचे नाही, हा मात्र योगायोग नव्हे. आपल्या वाङ्मयीन अभिरुचीने प्रेमाच्या कोणत्या भागाला कथा मानले आणि कोणता भाग कथेबाहेर ठेवला, याची ती खूण आहे.

ना. धों. महानोरांची 'अजिंठा' ही दीर्घकविता १९८४ साली आली. तिच्यावर आधारलेला नितीन चंद्रकांत देसाई यांचा त्याच नावाचा चित्रपट २०१२ साली प्रदर्शित झाला. दोन्ही कलाकृतींचे भावकेंद्र पारो आहे, आणि तिच्या मृत्यूनंतर कथेला जाण्यासारखी जागा उरत नाही. ऐतिहासिक गिलच्या बाबतीत मात्र दोन्ही टोके मोकळी आहेत. पारो भेटण्यापूर्वी तो विवाहित होता, मुलाबाळांचा होता. म्हणजे आख्यायिकेने जे आद्य आणि एकमेव प्रेम म्हणून स्वीकारले ते वस्तुतः एका आधीच्या नात्यानंतरचे होते. आणि पारोनंतर तो तेवीस वर्षे जगला. या काळात तो त्याच भिंतींकडे कुंचला घेऊन गेला होता तसा कॅमेरा घेऊनही गेला. जेम्स फर्ग्युसनसोबत त्याच्या छायाचित्रांचे पुस्तक १८६४ साली निघाले. दोन वर्षांनी लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्याने वर्षानुवर्षे रंगवलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक जळाल्या. एवढे सारे पाहिलेला माणूस म्हातारपणी काय बोलत असेल, कशाला हसत असेल, याविषयी कवितेला कुतूहल नाही. तो कवितेचा दोष म्हणता येणार नाही. विरहकाव्याची संहिता ज्या संकेतांवर उभी असते त्यांत 'नंतर'ला स्थानच नसते.

पुढच्याच वर्षी, २०१३ साली, आणखी एक मराठी चित्रपट आला. सतीश राजवाडे यांच्या 'प्रेमाची गोष्ट'मध्ये राम हा पटकथालेखक आणि सोनल ही तरुणी भेटतात ते विवाह-समुपदेशकाच्या कार्यालयात. दोघांचीही लग्ने मोडण्याच्या बेतात आहेत. रामचा लग्नावरचा विश्वास अद्याप शाबूत आहे, सोनलचा उडाला आहे. पुढे दोघे एकत्र काम करू लागतात आणि जे व्हायचे ते होते. चित्रपट हलकाफुलका आहे, संवादांवर चालतो, प्रेक्षकाला हसवतो आणि घरी पाठवतो. समीक्षेच्या व्यवहारात अशा कृतीला 'रंजनपर' हे विशेषण लावून बाजूला ठेवण्याची रीत आहे; 'अजिंठा'चे अपयशही गंभीर चर्चेचा विषय होऊ शकते, 'प्रेमाची गोष्ट'चे यशही होत नाही. या वाटणीच्या मुळाशी एक नैतिक गृहीतक दडलेले आहे. भंगलेल्या प्रेमानंतर माणसाने शोक करावा हे उचित, गप्प राहावे हे आदरणीय. पुन्हा प्रेम करावे हे क्षम्य. पण पुन्हा प्रेम करताना त्याने हसावे, हे मात्र उथळ. या लेखाचा प्रश्न या शेवटच्या विधानाविषयी आहे. हसरेपणा हे दुसऱ्या प्रेमाचे वैगुण्य आहे, की त्याच्यापाशी असलेला प्रामाणिकपणाचा तो एकमेव सूर आहे?

हे गृहीतक वाङ्मयातून समाजात गेले की समाजातून वाङ्मयात आले, हे ठरवणे अवघड आहे. खानदेशाचा अनुभव येथे बोलका आहे. पुण्या-मुंबईत विधवाविवाहाच्या प्रश्नावर शास्त्रार्थ होत होते, बहिष्कार पडत होते, त्याच काळात खानदेशातल्या कितीतरी शेतकरी आणि कष्टकरी जातींत स्त्रीचा दुसरा संसार ही रूढीने मान्य केलेली गोष्ट होती. तिला 'पाट' म्हणत, काही ठिकाणी 'मोहतूर'. ज्या हक्कासाठी सुधारकांना आयुष्य वेचावे लागले तो येथे निमूट वापरात होता. परंतु या मान्यतेची अट कोणती होती? पाट लागे तो बहुधा रात्री, मोजक्या माणसांत, वाजंत्र्यांविना. पहिल्या लग्नाला जी हळद, जी वरात, ज्या बायकांच्या गाण्यांच्या रात्री, त्यांतले काही त्याला नसे. समाजाने दुसरा संसार नाकारला नव्हता. त्याचा उजेड आणि त्याचे गाणे तेवढे काढून घेतले होते. भाषेतही याचे अवशेष आहेत. पुन्हा लग्न करणाऱ्या पुरुषासाठी 'बिजवर' हा शब्द आहे, त्यात थोडी थट्टा आहे, पण अपमान नाही. 'पाटाची बायको' हा प्रयोग मात्र भांडणात वापरण्यासाठीच राखून ठेवल्यासारखा वाटतो.

पांढरपेशा समाजात घडले ते याच्या उलट. तेथे दुसऱ्या विवाहावर मुबलक उजेड पडला, किंबहुना नको इतका पडला. विधवाविवाहाला कायदेशीर मान्यता देणारा कायदा १८५६ सालचा, म्हणजे पारोच्या थडग्यावर कोरलेल्याच वर्षाचा. (त्याच कायद्याने पुन्हा लग्न करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला, ही गोष्ट त्याच्या गौरवात सहसा सांगितली जात नाही.) १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी विवाह केला तेव्हा तो एक सामाजिक कृत्य म्हणून केला गेला, समाजाने तो तसाच पाहिला आणि त्याची शिक्षाही दिली. अशा विवाहाला हसणे परवडणारे नव्हते. ज्याचे समर्थन तत्त्वाने करावे लागते त्याला आपला आनंद लपवावा लागतो. आनंद दिसला की विरोधक म्हणणार, तत्त्व हे निमित्त होते. त्यामुळे सुधारणावादी कादंबरीतील पुनर्विवाह निर्धाराने, त्यागाने, क्वचित अश्रूंनी भरलेले आहेत. त्यांतल्या नायक-नायिकांना एकमेकांचा सहवास आवडत असावा, असा संशय घेण्यास वाचकाला फारच थोडा वाव मिळतो.

म्हणजे एके ठिकाणी दुसरे प्रेम अंधारात होते, दुसरे ठिकाणी व्यासपीठावर. दोन्ही ठिकाणी हसू वर्ज्य. मराठी रंगभूमीवर दुसऱ्या विवाहाचे हसू आहे ते देवलांच्या 'शारदा'मध्ये, १८९९ साली. पण तेथे हसायचे आहे ते म्हाताऱ्या भुजंगनाथाला. ते हसू न्याय्यच आहे, कारण त्याच्या लग्नाची किंमत एक मुलगी मोजणार आहे. मात्र एखाद्याला हसणे आणि एखाद्याबरोबर हसणे यांत जो फरक आहे तो पुढे आपल्या विनोदी परंपरेने फारसा ध्यानात घेतला नाही, आणि उतारवयातील किंवा दुसऱ्या खेपेचे प्रेम म्हणजे हास्यास्पद प्रेम हे समीकरण बराच काळ टिकून राहिले.

संस्कृत काव्यशास्त्राकडे वळले तर अडचण आणखी स्पष्ट होते. शृंगाराचे संभोग आणि विप्रलंभ हे दोन भेद. विप्रलंभाच्या पुढच्या प्रकारांत करुण-विप्रलंभही आहे. प्रिय व्यक्तीचा मृत्यू होऊनही पुनर्मीलनाची आशा उरलेली असते तेव्हाची ही अवस्था. 'कादंबरी'तील महाश्वेता पुंडरीकाची वाट पाहते, आणि अखेर तोच तिला परत मिळतो. बाणभट्टाची कथा मृत्यू ओलांडायला तयार आहे, जन्म ओलांडायला तयार आहे. दुसऱ्या व्यक्तीपर्यंत जायला तयार नाही. भवभूतीचा राम यज्ञात पत्नीच्या जागी सीतेची सुवर्णप्रतिमा ठेवतो. त्या प्रतिमेतील निष्ठेचे सौंदर्य कोणीही नाकारणार नाही. फक्त एवढे लक्षात ठेवायला हवे की हा राम सीतेला वनात पाठवणारा आहे. ज्या निष्ठेला जिवंत माणसापेक्षा त्याची प्रतिमा जपणे सोपे जाते तिची नैतिक तपासणी व्हायला हवी, आणि ती भवभूतीनेच वासंतीच्या तोंडून सुरू केली आहे.

या शास्त्रात 'भंगानंतरच्या नव्या रती'ला स्वतंत्र नाव नाही. तिची सोय लावायची झालीच तर ती शृंगाराभासात लागेल. आणि अभिनवगुप्तांच्या मते रसांचे आभास हास्याकडे जातात. येथपर्यंत शास्त्र आणि लोकरूढी एकमेकांना दुजोराच देतात. पण भरताचे मूळ विधान अधिक मोकळे आहे. हास्य शृंगारातून उद्भवते, शृंगाराची अनुकृती म्हणजे हास्य, असे तो मानतो. परंपरेने अनुकृतीचा अर्थ बहुधा नक्कल, विडंबन असा घेतला: जो प्रेमिक नाही तो प्रेमिकासारखे वागू लागला की हसू येते. दुसऱ्या प्रेमाच्या संदर्भात या शब्दाचा वेगळा उपयोग करता येतो. दुसऱ्यांदा प्रेम करणारा माणूस स्वतःचीच अनुकृती करीत असतो. तेच शब्द, तीच वाट पाहणे, तीच पत्र लिहून फाडण्याची सवय. फरक इतकाच की आता हे आपण पूर्वी केले होते याचे त्याला भान आहे, आणि ते कुठे संपले याचेही आहे. 'नेहमी' हा शब्द त्याने एकदा उच्चारलेला आहे. तो पुन्हा उच्चारताना जर त्याच्या चेहऱ्यावर पहिल्या वेळचेच गांभीर्य असेल तर तो एक तर विसरभोळा आहे किंवा खोटा. पुसटसे हसू असेल तर त्याने दोन्ही गोष्टी कबूल केल्या: शब्द वापरलेला आहे, आणि तरीही तो वापरण्याचे धाडस तो करीत आहे. किर्केगार्दने १८४३ साली पुनरावृत्तीवर एक विलक्षण पुस्तक लिहिले आणि स्मरण हे मागे तोंड करते तर पुनरावृत्ती पुढे, असा भेद केला. त्याला अभिप्रेत असलेली धार्मिक उंची बाजूला ठेवली तरी तो भेद येथे लागू पडतो.

'प्रेमाची गोष्ट' जेथे साधतो तेथे तो या भानामुळे साधतो. नायक पटकथालेखक असणे ही सोयीची योजना आहे खरी. पण प्रेमाचे संवाद लिहिणे हा ज्याचा व्यवसाय आहे त्याला स्वतःच्या प्रेमात नवीन वाक्य सापडू नये, यातील गंमत चित्रपटाच्या आशयसूत्राशी जुळते. रामचे पत्नीची वाट पाहत राहणेही चित्रपट हास्यास्पद करीत नाही. या प्रकारच्या सुखात्म कथांची एक ठरलेली पळवाट असते. पहिल्या जोडीदाराला दुष्ट किंवा मूर्ख ठरवले की दुसऱ्याकडे जाण्याचा नैतिक प्रश्नच निकालात निघतो. मग नायक प्रेमात पडत नाही, त्याची सुटका होते. हलक्याफुलक्या प्रेमकथेचा कस लावायचा असेल तर तिच्यातील विनोद मोजण्याऐवजी तिने आधीच्या माणसाला कसे वागवले हे पाहावे. गेलेल्याची बाजू जागी ठेवून जी कथा हसते तिचे हसू स्वस्त नसते.

एक आक्षेप येथे उभा राहतो आणि तो टाळण्यासारखा नाही. अशा चित्रपटांतील हलकेपणा आर्थिक निश्चिंतीतून आलेला असतो. शहरातली स्वतंत्र घरे, स्वतःचे उत्पन्न, फारसे आड न येणारे नातेवाईक. ज्या स्त्रीला मोडलेल्या लग्नानंतर भावाच्या दारात उभे राहायचे आहे, पोटगीसाठी तालुक्याच्या कोर्टात तारखा मोजायच्या आहेत, तिला हा सूर परका वाटला तर तो तिच्या अभिरुचीचा दोष नाही. आक्षेपात तथ्य आहे, आणि 'प्रेमाची गोष्ट'ला त्याचे उत्तर देता येत नाही.

उत्तर मिळते ते वेगळ्या दिशेने. इटलीत युद्धोत्तर नववास्तववादाचा बहर ओसरत असताना त्याच्याच मातीतून एक हसरा प्रवाह निघाला, ज्याला टीकाकारांनी काहीशा तुच्छतेने 'गुलाबी' नववास्तववाद म्हटले. लुईजी कोमेन्चिनी यांचा १९५३ सालचा 'पाने, आमोरे ए फान्तासिया', म्हणजे 'भाकरी, प्रेम आणि कल्पना', हा त्यांतील सर्वांत लोकप्रिय. डोंगराळ खेड्यात बदलून आलेला अधेड पोलीस अधिकारी (भूमिका व्हित्तोरिओ दे सिका यांची, ज्यांनी पाच वर्षांपूर्वी 'बायसिकल थीव्ह्‌ज' दिग्दर्शित केला होता) एका तरुण मुलीमागे लागतो, स्वतःचे हसे करून घेतो, आणि अखेर गावच्या सुईणीपाशी येतो. ही सुईण कोणाची फसगत करीत नाही. तिला पूर्वीच्या संबंधातून झालेला मुलगा आहे आणि ते ती त्याला सांगते. तो ते ऐकून गावाच्या सणात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तिच्याबरोबर वावरतो. शीर्षकातील भाकरीचा प्रसंग प्रसिद्ध आहे. रस्त्याकडेला भाकरी खाणाऱ्या गरिबाला अधिकारी विचारतो, तिच्यात घातले आहेस काय? तो सांगतो, कल्पना. या चित्रपटाची भाबडी बाजू दाखवून देणे सोपे आहे, आणि ती त्या काळी डाव्या टीकाकारांनी पुरेपूर दाखवली. परंतु हलकेपणा ही खात्यापित्या घरचीच चैन असते, या समजाला तो छेद देतो. पाटाच्या संदर्भात पाहता त्याचा शेवट अधिकच अर्थपूर्ण वाटतो: खानदेशातील खेड्याने जे रात्री उरकले ते कोमेन्चिनी यांचे खेडे सणाच्या उजेडात पाहते.

इटालियन प्रेमपटांत उन्हाळा हा सुट्टीचा, समुद्राचा, प्रेमाचा ऋतू. खानदेशात तो तसा असणे शक्य नाही. येथे उन्हाळ्यात केळीची पाने करपतात, दुपारी गल्ल्या ओस पडतात, आणि प्रेमाची कविता पावसाची वाट पाहते. महानोरांचे काव्यविश्व याची साक्ष देईल. तरीही खानदेशाच्या उन्हाळ्याच्या पोटात एक सुट्टी आहे: आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया. सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आणि झोक्यावर अहिराणी, लेवा बोलींतली गाणी म्हटली जातात. या गाण्यांचा ताल झोक्याचा, म्हणून हलका; आशय मात्र सासुरवासाचा, दुराव्याचा, भावाच्या वाट पाहण्याचा. बहिणाबाई चौधरींनीही आखाजीवर रचना केली आहे. १९१० साली, तिशीत वैधव्य आलेल्या या कवयित्रीच्या गाण्यांत जी मिस्कील नजर आहे तिला दुःखाचा विसर असे कोणी म्हणणार नाही. हलका सूर आणि जड आशय यांचे सहअस्तित्व खानदेशी बायकांना कोणत्याही चित्रपटाने शिकवायची गरज नव्हती.

मात्र आखाजीचा हलकेपणा आणि दुसऱ्या प्रेमाचा हलकेपणा यांत एक भेद करावा लागतो. झोक्यावरचे हसू मुदतीचे असते. चार दिवसांनी लेक सासरी जाते, आणि व्यवस्था जशी होती तशीच राहते. किंबहुना त्या चार दिवसांमुळे ती राहू शकते. दुसऱ्या प्रेमाचे हसू व्यवस्थेकडे काहीतरी मागते. अंधारातून उजेडात येण्याची, वाजंत्री लावण्याची परवानगी मागते. सुट्टीतला हसरेपणा कोणालाही खुपत नाही, कारण तो परत जाणार आहे हे सर्वांना माहीत असते. राहायला आलेला हसरेपणा खुपतो. हलक्याफुलक्या प्रेमकथांना उथळ ठरवण्याची जी घाई आपली समीक्षा करते तिच्यात या खुपण्याचा अंश किती, हे एकदा तपासून पाहायला हरकत नाही.

निष्ठेचा प्रश्न यानंतरही उरतो. पुन्हा हसणाऱ्याने गेलेल्याशी प्रतारणा केली काय? या प्रश्नात एक हिशेबी रूपक लपलेले आहे: प्रेम म्हणजे एक ठरावीक साठा, एकाला दिला की दुसऱ्याला कमी. पण पहिल्या प्रेमाने माणसाला जी भाषा दिली, जे कान दिले, जे भय दिले, त्यांच्याशिवाय दुसरे प्रेम उभेच राहत नाही. अनुकृतीला मूळ लागते. ज्याने पहिले पुसून टाकले त्याचे दुसरे प्रेम खऱ्या अर्थाने दुसरे नसते. ते विस्मरणामुळे पुन्हा पहिलेच झालेले असते, आणि पहिल्याच्या सगळ्या चुका करायला मोकळे असते. सुवर्णप्रतिमा घडवणारी निष्ठा आणि हसत पुढे जाणारी निष्ठा यांत दुसरी कमी प्रतीची मानण्यास शास्त्राचा आधार मिळेल, अनुभवाचा मिळणे कठीण आहे.

आखाजीच्या गाण्यांची एक रचनाविशेषता येथे नोंदवण्याजोगी आहे. लोकगीताच्या सर्वसाधारण रीतीप्रमाणे त्यांत नावांच्या जागा मोकळ्या असतात. गाणारी आपल्या भावाचे, आपल्या गावाचे, आपल्या सासरचे नाव त्यांत बसवते. पाट लागून दुसऱ्या घरी गेलेली बाईही आखाजीला माहेरी येत असेल. झाड तेच, झोका तोच, चालही तीच. सासरच्या गावाचे नाव येते त्या जागी तिला क्षणभर थांबावे लागत असेल, सवयीने जुने नाव ओठांवर येत असेल, आणि भोवतीच्या बायका हसत असतील. कोणी तिला हसत असेल, कोणी तिच्याबरोबर. मग ती नवे नाव घेते आणि गाणे पुढे जाते.